जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं आणि वाय-फाय गायब? कार्ड गेलं म्हणण्याआधी हे तपासा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट बंद केला. घरगुती ग्राहकांना नोंदणी करून सुरक्षेच्या अपडेट्स आणखी वर्षभर घेता येतात, पण तीही मुदत ऑक्टोबर २०२६ मध्ये संपते. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. त्यामुळे २०१८ च्या आधी घेतलेले बहुतेक लॅपटॉप त्यात बसत नाहीत. मशीन धडधाकट आहे, कीबोर्ड-स्क्रीन उत्तम आहे, मुलांच्या अभ्यासाला आणि घरच्या हिशेबाला पुरून उरेल, मग टाकून कशाला द्यायचं, असा विचार करून बरेच जण त्यावर लिनक्स मिंट किंवा उबंटू टाकतात. लिनक्स ही मोफत आणि सर्वांना खुली असलेली ऑपरेटिंग सिस्टीम आहे, मिंट आणि उबंटू हे तिचेच प्रकार. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्सने तिची सुरुवात केली आणि आज जगभरातले लोक मिळून ती वाढवतात.

इन्स्टॉलेशन छान पार पडतं. नवा डेस्कटॉप समोर येतो, आणि मग लक्षात येतं की उजव्या कोपऱ्यात वाय-फायची खूणच नाही. शेजाऱ्यांचं नेटवर्क सोडाच, स्वतःच्या घरचा राउटरही दिसत नाही. दुकानात नेलं तर अनेकदा ‘कार्ड गेलंय’ एवढंच उत्तर मिळतं. माझं म्हणणं असं की काल विंडोजवर चालत असलेलं कार्ड आज फॉरमॅट मारल्यामुळे जळत नाही. बहुतेक वेळा ते शाबूत असतं. अडचण कुठे आहे हे कळायला त्या कार्डावरच्या चिपचा नंबर लागतो, आणि तोच कुणी बघत नाही.

कार्ड म्हणजे नेमकं काय

लॅपटॉप उलटा करून मागचं झाकण काढलं की बॅटरीच्या किंवा रॅमच्या आसपास बोटाच्या दोन पेरांएवढी एक हिरवी किंवा निळसर पट्टी दिसते. तिला एक काळी आणि एक पांढरी अशा दोन बारीक वायर जोडलेल्या असतात. हे वाय-फाय कार्ड. त्या वायर बिजागरीतून वर जाऊन स्क्रीनच्या कडेने पसरलेल्या असतात, तो अँटेना. म्हणजे रेडिओ लहरी पकडण्याचं काम स्क्रीनच्या चौकटीत होतं आणि त्यांचा अर्थ लावण्याचं काम या पट्टीवरच्या चिपमध्ये.

पट्टीवर स्टिकर लॅपटॉपच्या कंपनीचं असू शकतं, पण आतली चिप बहुधा इंटेल, ब्रॉडकॉम, अ‍ॅथेरॉस, रियलटेक, मीडियाटेक किंवा रालिंक यांपैकी कुणाची तरी असते. हे महत्त्वाचं अशासाठी की लॅपटॉपच्या एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळ्या बॅचना वेगवेगळ्या कंपन्यांची कार्डं बसवलेली सापडतात. म्हणून ‘माझ्या मित्राच्या याच मॉडेलवर वाय-फाय लगेच चाललं’ यावरून तुमच्या मशीनबद्दल काहीच ठरत नाही.

ड्रायव्हर आणि फर्मवेअर

दोन शब्द समजून घेतले की पुढचं सगळं सोपं जातं.

एखाद्या बांधकामाचा विचार करा. मालक स्वतः गवंड्याशी बोलत नाही, तो मुकादमाला सांगतो आणि मुकादम गवंड्याच्या भाषेत काम समजावतो. लॅपटॉपमध्ये मालक म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, गवंडी म्हणजे वाय-फाय कार्ड आणि मुकादम म्हणजे ड्रायव्हर. आता अशी कल्पना करा की हा गवंडी हुशार आहे, पण रात्री झोपला की सगळं विसरतो. रोज सकाळी मुकादमाने त्याच्या हातात कामाची चिठ्ठी दिली तरच त्याचा हात चालतो. ती चिठ्ठी म्हणजे फर्मवेअर, चिपच्या आत चालणारा छोटा प्रोग्रॅम. बऱ्याच वाय-फाय चिपांमध्ये हा प्रोग्रॅम कायमचा साठवलेला नसतो. लॅपटॉप चालू झाला की दरवेळी ड्रायव्हर तो हार्डडिस्कवरच्या फाइलमधून उचलून चिपमध्ये भरतो.

म्हणजे वाय-फाय न चालण्याची कारणं निदान तीन झाली: मुकादमच नाही, मुकादम आहे पण चिठ्ठी सापडत नाही, किंवा दोन्ही आहेत पण रेडिओच बंद करून ठेवलाय. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. एकाचा उपाय दुसऱ्यावर करत बसलं की रविवार वाया जातो.

मग विंडोजवर आपोआप कसं चालत होतं?

हा प्रश्न सगळेच विचारतात आणि तो रास्त आहे. विंडोजसाठी ड्रायव्हर आणि फर्मवेअर दोन्ही कार्ड बनवणारी कंपनी स्वतः देते आणि लॅपटॉप विकण्याआधीच ते आत टाकलेलं असतं. लिनक्समध्ये ड्रायव्हर सहसा कर्नलमध्येच, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यात, असतो. तो तिथे येण्यासाठी एकतर कंपनीने लिहून द्यावा लागतो किंवा चिप कशी चालते याची माहिती तरी खुली करावी लागते.

इंटेलने हे बऱ्यापैकी लवकर केलं, म्हणून जुन्या लॅपटॉपमधली इंटेलची कार्डं लिनक्सवर साधारणपणे पहिल्याच झटक्यात चालतात. अ‍ॅथेरॉसने २००८ मध्ये ‘एथ९के’ हा खुला ड्रायव्हर दिला. त्या मालिकेतल्या लॅपटॉपच्या आत बसणाऱ्या कार्डांना तर फर्मवेअरची वेगळी फाइलच लागत नाही. दहा-बारा वर्षं जुनी ही कार्डं आजही इतकी बिनतक्रार चालतात की जुनी मशीनं दुरुस्त करणारे लोक ती हौसेने जमवतात.

ब्रॉडकॉमची गोष्ट वेगळी. कंपनीने आपल्या चिपांची माहिती वर्षानुवर्षं दिली नाही. रेडिओची ताकद आणि वारंवारिता सॉफ्टवेअरमधून बदलता येते, म्हणून नियमांच्या दृष्टीने ते उघडं करणं अडचणीचं, असं कारण या उद्योगात तेव्हा दिलं जाई. मग काही प्रोग्रॅमरांनी स्वतःच ते काम हाती घेतलं. एका गटाने कंपनीचा बंद ड्रायव्हर तपासून चिप कशी वागते याचं वर्णन लिहून काढलं. मूळ ड्रायव्हरला हातही न लावलेल्या दुसऱ्या गटाने फक्त ते वर्णन वाचून नवा ड्रायव्हर लिहिला. दोन गट वेगळे ठेवले ते कॉपीराइटचा भंग होऊ नये म्हणून. त्यांचा पहिला ड्रायव्हर २००६ मध्ये लिनक्सच्या कर्नलमध्ये आला आणि जानेवारी २००८ च्या २.६.२४ या आवृत्तीत त्याची सुधारित पिढी, ‘बी४३’, आली. ज्या लोकांना यातून एक पैसाही मिळणार नव्हता त्यांनी लाखो लॅपटॉप वापरात ठेवले, याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

मुकादम असा मिळाला, चिठ्ठी मात्र अडली. फर्मवेअरचे हक्क ब्रॉडकॉमचे, ते इतरांना वाटण्याची परवानगी नाही. यावर तोडगा म्हणून असं साधन तयार झालं, जे कंपनीच्याच ड्रायव्हरची फाइल इंटरनेटवरून तुमच्या मशीनवर उतरवतं आणि तिच्यातून फर्मवेअर कापून बाहेर काढतं. म्हणजे वाय-फाय चालू करायला लागणारी फाइल इंटरनेटवरून आणायची, आणि इंटरनेट तर वाय-फायवर! या चक्रात हजारो लोक अडकलेत. २०१० मध्ये ब्रॉडकॉमने काही चिपांसाठी खुला ड्रायव्हर दिला, पण सगळ्यांसाठी नाही.

फर्मवेअरचा प्रश्न फक्त ब्रॉडकॉमचा नव्हता. डेबियन हा मिंट-उबंटूसारखाच लिनक्सचा एक प्रकार, बऱ्याच वर्षांपासून चालत आलेला आणि तत्त्वाला चिकटून राहणारा. अशा बंद फर्मवेअर फाइल्स डेबियन आपल्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये ठेवत नसे. २०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदान करून हे बदललं आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून त्या आत येऊ लागल्या. म्हणून सात-आठ वर्षांपूर्वीचे सल्ले वाचून काही करण्याआधी ताजी आवृत्ती पेनड्राइव्हवर घेऊन बघा, अर्धी दुखणी त्यानेच जातात.

आधी कार्डाचा नंबर बघा

प्रत्येक चिपला दोन भागांचा ओळख-क्रमांक असतो. पहिला भाग कंपनीचा, दुसरा मॉडेलचा. इंटेलचा ८०८६, अ‍ॅथेरॉसचा १६८सी, रियलटेकचा १०ईसी, ब्रॉडकॉमचा १४ई४. हा क्रमांक स्टिकरवर अवलंबून नसतो, तो चिप स्वतः सांगते.

विंडोज अजून काढलं नसेल तर तिथेच बघा. डिव्हाइस मॅनेजर उघडा, नेटवर्क अ‍ॅडॅप्टर्सखाली वाय-फाय कार्डावर डबल क्लिक करा, डिटेल्स या टॅबमध्ये हार्डवेअर आयडीज निवडा. लिनक्सवर असाल तर टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडून रोमन लहान अक्षरांत एल-एस-पी-सी-आय हा शब्द टाइप करा, एक जागा सोडा, वजाचं चिन्ह आणि त्याला चिकटून दोन वेळा एन, मग एंटर. बरीच मोठी यादी येते. तिच्यातली नेटवर्क कंट्रोलर अशी ओळ शोधा.

ओळखीच्या एका शिक्षिकेचा २०१४ च्या सुमाराचा लॅपटॉप माझ्याकडे आला होता तेव्हाची ती ओळ सांगतो. तिच्यात ‘ब्रॉडकॉम बीसीएम४३१४२’ आणि शेवटी चौकटी कंसात १४ई४:४३६५ असं होतं. त्यांना दोन ठिकाणी ‘कार्ड बदला’ म्हणून सांगितलं होतं. पण चिप आपलं नाव, आडनाव, नंबर सगळं व्यवस्थित सांगत होती. यादीत कार्ड दिसणं म्हणजे त्याला वीज मिळतेय, मदरबोर्डशी बोलणं होतंय. राहिला प्रश्न ड्रायव्हरचा. ती ओळ त्यांना दाखवून म्हटलं, ‘‘मॅडम, कार्ड जिवंत आहे.’’ पुढचं काम अर्ध्या तासाचं होतं.

यादीत कार्डाची ओळच नसेल तर मात्र गोष्ट वेगळी. ते बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद केलेलं असू शकतं, खाचेत सैल झालेलं असू शकतं, किंवा खरंच गेलेलं असू शकतं. काही मशीनमध्ये वाय-फाय आतल्या आत यूएसबीवर जोडलेलं असतं, तेव्हा वरच्या (पीसीआयच्या) यादीऐवजी यूएसबीची यादी बघावी लागते. त्यासाठी एल-एस-यू-एस-बी.

नेटच नाही, तर ड्रायव्हर आणायचा कुठून?

खिशातला फोन पुरतो. अँड्रॉइड फोन डेटा केबलने लॅपटॉपला जोडा, फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉट आणि टेदरिंगखाली यूएसबी टेदरिंग चालू करा. लॅपटॉपला तो फोन वायरवाल्या नेटवर्कसारखा दिसतो आणि त्याला वेगळा ड्रायव्हर टाकावा लागत नाही. फोन घरच्या वाय-फायवर असेल तर बहुतेक फोन तेच इंटरनेट केबलमधून पुढे देतात, मोबाइल डेटा खर्च होत नाही. केबल मात्र फक्त चार्जिंगची नको, नाहीतर टेदरिंगचा पर्याय फिकट राहतो आणि माणूस उगाच फोनला दोष देतो.

राउटर जवळ असेल तर लॅनची वायर हा त्याहून सरळ मार्ग. जुन्या लॅपटॉपना तो चौकोनी पोर्ट असतो, ही त्यांची मोठी सोय आहे. आणि मिंट ज्या पेनड्राइव्हवरून टाकलं तो लगेच पुसू नका. ब्रॉडकॉमच्या ड्रायव्हरचं पॅकेज त्याच्यातही असतं.

ब्रॉडकॉम असेल तर कोणता ड्रायव्हर?

लिनक्स मिंटमध्ये मेनूत ड्रायव्हर मॅनेजर आहे, उबंटूमध्ये ‘अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स’. नेट जोडून ते उघडलं की बऱ्याचदा ब्रॉडकॉमचं नाव आणि एक पर्याय समोर येतो. तो निवडायचा, पासवर्ड द्यायचा, रिस्टार्ट करायचं. बहुतेकांचं काम इथे संपतं.

संपलं नाही तर पुढचं उपयोगी पडेल. ब्रॉडकॉमच्या चिपांसाठी तीन वाटा आहेत. बीसीएम४३१३ सारख्या काही चिपांना कंपनीचाच खुला ड्रायव्हर चालतो, तो कर्नलमध्ये आधीपासून असतो. बीसीएम४३१२ सारख्या जुन्या चिपांना बी४३ आणि त्याचं फर्मवेअर. आणि बीसीएम४३१४२ किंवा अ‍ॅपलच्या २०१३ नंतरच्या काही मॅकबुकमधली बीसीएम४३६० यांना फक्त कंपनीचा बंद ड्रायव्हर, ज्याला ‘डब्ल्यूएल’ म्हणतात. उबंटू आणि मिंटमध्ये त्याच्या पॅकेजचं नाव बीसीएमडब्ल्यूएल-कर्नल-सोर्स, डेबियनमध्ये ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस.

इथे सगळ्यात मोठा गोंधळ होतो तो दोन मुकादम एकाच गवंड्याला हुकूम देऊ लागल्यावर. लोक वेगवेगळ्या सल्ल्यांनुसार बी४३ पण टाकतात आणि डब्ल्यूएल पण. मग कधी एक कार्ड धरतो, कधी दुसरा, आणि वाय-फाय एका रिस्टार्टला असतं, दुसऱ्याला नसतं. एकच ड्रायव्हर ठेवा. नवा टाकण्याआधी जुना काढा.

चिठ्ठी सापडत नसेल तर सिस्टीम ते स्पष्ट लिहून ठेवते. टर्मिनलमध्ये सुडो (एस-यू-डी-ओ, म्हणजे पूर्ण अधिकाराने) आणि एक जागा सोडून डी-एम-ई-एस-जी ही आज्ञा दिली की कर्नलची रोजनिशी दिसते. बी४३ असेल तर तिच्यात लाल अक्षरांत ‘फर्मवेअर फाइल बी४३/यूकोड१५ सापडली नाही’ अशा अर्थाची ओळ असते. ती दिसली तर आनंद माना, कारण उपाय एका पॅकेजवर आला: फर्मवेअर-बी४३-इन्स्टॉलर. बीसीएम४३१२ मधल्या ४३१५ क्रमांकाच्या प्रकाराला त्याचंच एलपीफाय नावाचं भावंड लागतं.

निळी स्क्रीन आली म्हणून घाबरू नका

ड्रायव्हर टाकताना कधी कधी एक नवा पासवर्ड ठरवायला सांगतात आणि रिस्टार्टनंतर निळी स्क्रीन येते. हे सिक्युअर बूटमुळे होतं. सिक्युअर बूट म्हणजे मशीन सुरू होताना फक्त सही असलेलंच सॉफ्टवेअर चालू देणारी व्यवस्था. तुमच्याच लॅपटॉपवर तयार झालेल्या ड्रायव्हरवर कोणाची सही नसते, म्हणून तुमची स्वतःची सही तिथे नोंदवावी लागते.

त्या निळ्या स्क्रीनवर दहा सेकंद उलटे मोजले जातात. तेवढ्यात कोणतंही बटण दाबा, ‘एन्रोल एमओके’ निवडा, कंटिन्यू, यस, आणि मघाशी ठरवलेला पासवर्ड. काहीच न करता ती स्क्रीन जाऊ दिली तर ड्रायव्हर टाकलेला असूनही चालत नाही आणि कारण कुठेच दिसत नाही. तसं झालं तर ड्रायव्हर काढून पुन्हा टाका, स्क्रीन परत येईल. अनेक जण थेट बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद करतात. त्यानेही काम होतं, पण सही नोंदवणं दोन मिनिटांचं आहे आणि त्यात सुरक्षा सोडावी लागत नाही, म्हणून मी तेच सुचवतो.

ड्रायव्हर आहे, फर्मवेअर आहे, तरी रेडिओ बंद

जुन्या लॅपटॉपच्या पुढच्या किंवा डाव्या कडेला एक सरकणारं बटण असायचं, वाय-फाय चालू-बंद करण्याचं. दप्तरात घालताना ते सरकतं. कीबोर्डवर विमानाचं किंवा अँटेनाचं चित्र असलेली कीसुद्धा तेच काम करते.

कोण अडवतंय हे टर्मिनलमध्ये आरएफकिल लिस्ट या आज्ञेने कळतं. उत्तरात दोन नोंदी असतात. सॉफ्ट ब्लॉक म्हणजे सॉफ्टवेअरने बंद केलेलं. ते सुडो आरएफकिल अनब्लॉक ऑल म्हटलं की सुटतं. हार्ड ब्लॉक म्हणजे लॅपटॉपचं बटण किंवा बायोस सांगतंय की बंद. ते आज्ञेने सुटत नाही, बटणच फिरवावं लागतं. बटण नसलेल्या काही मशीनमध्येही हार्ड ब्लॉक दिसतो. तिथे लॅपटॉपच्या खास कळा सांभाळणारं एखादं मॉड्यूल, म्हणजे कर्नलमधला छोटा ड्रायव्हर, चुकीची माहिती देत असतं. लेनोव्होच्या काही आयडियापॅडमध्ये हा त्रास प्रसिद्ध आहे, आणि ते मॉड्यूल ब्लॅकलिस्ट केलं, म्हणजे सुरूच होऊ दिलं नाही, की वाय-फाय दिसू लागतं.

जोडलं जातं, पण रेंज एक कांडी

राउटरच्या शेजारी बसलं तर चालतं, आतल्या खोलीत गेलं की तुटतं. रियलटेकच्या आरटीएल८७२३बीई या चिपबद्दल ही तक्रार सगळ्यात जास्त. एचपीच्या बऱ्याच स्वस्त लॅपटॉपमध्ये ती बसवलेली आहे. तिला अँटेनासाठी दोन जागा आहेत, पण त्या लॅपटॉपमध्ये वायर एकालाच जोडलेली असते. ड्रायव्हर दुसऱ्या, रिकाम्या जागेवर ऐकत बसतो. म्हणून त्याला सांगावं लागतं की अँटेना या बाजूला आहे. इ-टी-सी फोल्डरमधल्या मोडप्रोब-डॉट-डी मध्ये एक छोटी फाइल करून तिच्यात आधी ‘ऑप्शन्स’ हा शब्द, मग ड्रायव्हरचं नाव आणि ‘एएनटी अंडरस्कोर एसईएल बरोबर २’ अशी एक ओळ रोमन लहान अक्षरांत लिहायची. २ ने फरक पडला नाही तर १ करून बघायचं. एका ओळीने रेंज एका कांडीवरून पूर्ण होते.

दर थोड्या वेळाने डिस्कनेक्ट होत असेल तर वीज वाचवण्याची सोय कारण असू शकते. नेटवर्क मॅनेजरच्या सेटिंग फाइलमध्ये वाय-फाय पॉवरसेव्हसमोर ३ लिहिलेलं असतं, त्याचं २ केलं की ती बंद होते.

आणि कधी लॅपटॉप निर्दोष असतो, राउटर नवा असतो. जुनी बरीच कार्डं फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. फायबरवाल्याने ५ गिगाहर्ट्झचंच नाव चालू ठेवलं असेल तर ते त्यांना दिसणार नाही. राउटरची सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए३ वर असेल तर जुनी कार्डं बहुधा जोडली जात नाहीत, ती डब्ल्यूपीए२ वर किंवा दोन्ही चालतील अशी ठेवावी लागते. भारतात २.४ गिगाहर्ट्झवर १३ व्या चॅनलपर्यंत परवानगी आहे, अमेरिकेसाठी बनलेली कार्डं मात्र ११ व्या चॅनलपर्यंतच बघतात. अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेल्या लॅपटॉपवर सगळ्यांची नेटवर्कं दिसतात आणि आपलंच दिसत नाही, त्याचं एक कारण हे असू शकतं. राउटरमध्ये चॅनल १, ६ किंवा ११ निश्चित करून टाका.

कार्डच बदलून टाकलं तर?

हा उत्तम उपाय आहे, विशेषतः चिपला फक्त डब्ल्यूएल ड्रायव्हर चालत असेल तर. ब्रॉडकॉमने त्या ड्रायव्हरची शेवटची आवृत्ती २०१५ मध्ये काढली. २०१९ मध्ये त्यातल्या सुरक्षेच्या त्रुटीही जाहीर झाल्या. नव्या कर्नलशी जुळवून घेण्याचं काम तेव्हापासून डेबियन-उबंटूकडची मंडळी ठिगळं लावून करताहेत. ज्या लॅपटॉपवरून बँकेचे व्यवहार करायचे त्यात मी हे कार्ड फार काळ ठेवणार नाही.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीच्या परिसरात विचारलं तर जुन्या लॅपटॉपची काढलेली कार्डं मिळतात, आणि ती नव्या लॅपटॉपच्या तुलनेत अगदीच स्वस्त असतात. घ्यायला जाताना जुनं कार्ड बरोबर न्या. साधारण २०१३ च्या आधीच्या मशीनमध्ये मिनी पीसीआय एक्सप्रेस प्रकारची पट्टी असते, पूर्ण किंवा अर्ध्या लांबीची. नंतरच्यांमध्ये एम.२ प्रकारची, २२ मिलिमीटर रुंद आणि ३० मिलिमीटर लांब. दोन्हींच्या खाचा वेगळ्या आहेत आणि अँटेनाच्या वायरची टोकंही वेगळ्या मापाची.

दोन ठिकाणी पैसे वाया जातात. इंटेलची एएक्स२०१ सारखी काही नवी कार्डं एम.२ मध्ये बसतात खरी, पण त्यांचं अर्धं काम इंटेलच्या ठरावीक नव्या प्रोसेसरमध्ये होतं. जुन्या लॅपटॉपमध्ये ती चालतच नाहीत. त्याऐवजी एएक्स२०० किंवा एएक्स२१० घ्यावं लागतं. दुसरं म्हणजे लेनोव्होच्या जुन्या थिंकपॅडचं आणि एचपीच्या काही मॉडेलचं बायोस फक्त यादीतलीच कार्डं स्वीकारतं. दुसरं बसवलं तर थिंकपॅड ‘१८०२’ क्रमांकाची, एचपी ‘१०४’ ची सूचना देऊन तिथेच थांबतो. अशा मशीनसाठी त्याच कंपनीच्या पार्ट नंबरचं कार्ड शोधावं, नाहीतर यूएसबी डोंगल, म्हणजे यूएसबीत खोचायचं छोटं वाय-फाय कार्ड.

बदलताना लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, शक्य असेल तर बॅटरीही. अँटेनाची टोकं वायर धरून ओढू नका. नखाने टोकाखालून सरळ वर उचला. बसवताना ते पितळी टोक बरोबर मधोमध ठेवून बोटाने दाबलं की ‘टक्’ असा आवाज येतो. आवाज आला नसेल तर बसलेलं नाही, आणि मग नव्या कार्डावरही रेंज एकच कांडी राहते.

डोंगल घेणार असाल तर खोक्यावरच्या कंपनीच्या नावापेक्षा आतली चिप विचारा. मीडियाटेकची एमटी७६१२यू चिप लिनक्सला आधीपासून माहीत आहे, लावली की चालते. दुकानदाराला चिप सांगता येत नसेल तर लॅपटॉप घेऊन जा आणि तिथेच लावून बघा.

एवढी खटपट कशाला, नवीन लॅपटॉप घ्या की!

ज्यांना परवडतं त्यांनी जरूर घ्यावा. पण चार जीबी रॅम, एसएसडी बसवलेला दहा वर्षांचा लॅपटॉप दहावीच्या मुलीला अभ्यासाला, दुकानाच्या हिशेबाला, आजोबांना नातवाशी व्हिडिओ कॉल करायला अजून पाच वर्षं पुरतो. एका ड्रायव्हरवाचून तो भंगारात जाणं मला बघवत नाही. आणि ही खटपट टाळण्याचा मार्गही आहे: लिनक्स टाकण्याआधी ते पेनड्राइव्हवरूनच चालवून बघा. मिंट आणि उबंटू इन्स्टॉल न करता तसे चालतात, हार्डडिस्कवर काहीही बदलत नाही. तिथे वाय-फाय दिसलं तर निश्चिंतपणे पुढे जा. नाही दिसलं तर विंडोज अजून शाबूत आहे, नंबर लिहून घ्या आणि तयारीनिशी या.

महिनाभर चाललं आणि अपडेटनंतर पुन्हा गेलं

डब्ल्यूएल ड्रायव्हर कर्नलच्या बाहेरचा असल्यामुळे कर्नलची नवी आवृत्ती आली की तो तिच्यासाठी पुन्हा तयार करावा लागतो. हे काम सिस्टीम आपोआप करते, पण नव्या कर्नलशी तो जुळला नाही तर तयार होत नाही आणि वाय-फाय नाहीसं होतं. जुना कर्नल मात्र पुसलेला नसतो. लॅपटॉप सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबून मेनू आणा, ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ मध्ये आधीची आवृत्ती निवडा. वाय-फाय परत आलं की मिंटच्या अपडेट मॅनेजरमध्ये व्ह्यू मेनूतून ‘लिनक्स कर्नल्स’ उघडा. न जुळणारी आवृत्ती तिथून काढून टाका आणि ड्रायव्हरचं अपडेट येईपर्यंत जुन्यावरच काम चालू ठेवा.